भांगेचं पान, गांजाचं फूल आणि साठीनंतरची निवड

‘सीबीडी घ्या, टीएचसी नको.’ भांग-गांजाच्या झाडातल्या या दोन रेणूंबद्दल अमेरिका-कॅनडात स्थायिक झालेल्या मुलांकडून इकडच्या आई-वडिलांना हल्ली हा सल्ला मिळतो. गुडघे दुखतात, रात्री झोप लागत नाही, केमोनंतर ताट समोर नकोसं होतं. तिकडे दुकानात डबीवर सगळं छापून मिळतं, मग इकडे का नाही, असा त्यामागचा साधा हिशेब. इंदूरच्या मराठी घरात हा सल्ला पोचतो तेव्हा त्याला वेगळंच वळण लागतं, कारण भांग इथे परकी नाही. सांवेर रोडनं निघालं की उज्जैन फार लांब नाही. तिथे महाकालाचा भांगेचा शृंगार होतो आणि सरकारी परवान्याच्या दुकानात भांगेची गोळी उघडपणे मिळते. त्या गोळीत सीबीडी किती आणि टीएचसी किती, हे मात्र विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. त्याच रस्त्याच्या इंदूरकडच्या टोकाला, सांवेर रोडच्या औद्योगिक वसाहतीत, औषधांचे कारखाने आहेत. तिथून निघणाऱ्या प्रत्येक पट्टीवर मिलिग्रॅम छापावेच लागतात.

जगभर हा वाद ‘कोणता रेणू बरा’ असा चालतो. आपल्याकडे त्याच्या आधीचा एक प्रश्न सुटलेला नाही: रेणू निवडायची सोय तरी आहे का? औषधशास्त्र रेणू पाहतं, कायदा झाडाचा भाग पाहतो, आणि आयुर्वेद शोधन, अनुपान व प्रकृती पाहतो. तिघांची मापं एकमेकांशी जुळत नाहीत. वयस्क माणसाची निवड या न जुळण्यात अडकलेली आहे, हे धरूनच पुढचा आढावा वाचावा.

मागची वाट

आयुर्वेदात भांगेचं नाव विजया. शार्ङ्गधरसंहितेत भांग आणि अफू ही ‘व्यवायी’ द्रव्यांची उदाहरणं म्हणून येतात, म्हणजे आधी शरीरभर पसरणारं आणि मग पचणारं द्रव्य. ग्रहणीवर दिलं जाणारं जातीफलादी चूर्ण आजही तयार होतं आणि त्यात भांगेचा वाटा मोठा असतो. म्हणजे ‘भांग औषध आहे का’ हा प्रश्न आपल्या परंपरेनं कधीच निकालात काढला होता. किती, कशाबरोबर आणि कोणाला, एवढंच काय ते बाकी होतं.

पाश्चात्त्य वैद्यकात ती नेली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातल्या विल्यम ओशॉनेसी या डॉक्टरनं. 1839 मध्ये त्यानं आपले प्रयोग मांडले आणि नंतर अर्धशतकभर युरोपातल्या औषधालयांत ‘इंडियन हेम्प’चे अर्क विकले गेले. अडचण तेव्हाही हीच होती. एका बाटलीनं रुग्ण गाढ झोपायचा आणि दुसरीनं काहीच व्हायचं नाही. अर्कात नेमकं काय आहे हे मोजता येत नव्हतं, आणि अॅस्पिरिनसारखी मोजून देता येणारी औषधं आल्यावर हा अर्क मागे पडला.

ब्रिटिश सरकारनं 1893 मध्ये नेमलेल्या भांग-गांजा आयोगानं देशभर फिरून हजाराहून जास्त साक्षी नोंदवल्या. मध्य प्रांतातला निमाड, म्हणजे खंडव्याचा भाग, आणि मुंबई इलाख्यातला अहमदनगर हे तेव्हाचे गांजा पिकवणारे मुलूख. माफक सेवनानं फारसं नुकसान होत नाही, अतिसेवनानं होतं, आणि बंदीपेक्षा नियंत्रण व कर बरा, असा निष्कर्ष 1894 च्या अहवालात निघाला. सव्वाशे वर्षांपूर्वीचा हा अहवाल आजही दोन्ही बाजू आपापल्या सोयीनं वापरतात. त्यात म्हाताऱ्या माणसाच्या शरीराचा वेगळा विचार जवळपास नाही. तेव्हाचं आयुर्मान पाहता त्याचं नवल नको.

रेणू कोणते

सीबीडीची रचना 1963 मध्ये आणि टीएचसीची 1964 मध्ये इस्रायलच्या राफाएल मेकूलम यांच्या गटानं उलगडली. शरीरात या रेणूंना प्रतिसाद देणारे ग्राहक असतात हे 1988 मध्ये कळलं आणि शरीर स्वतःही अशा प्रकारची द्रव्यं तयार करतं हे 1992 मध्ये. आज या वनस्पतीतले असे शंभराहून जास्त रेणू, म्हणजे कॅनाबिनॉइड, माहीत आहेत. बाजारात नावं चालतात ती चार-पाचांचीच.

टीएचसी नशा आणतं, भूक वाढवतं, मळमळ कमी करतं आणि काही प्रकारच्या वेदनेवर थोडा उतार देतं. सोबत नाडी वाढते, उभं राहिल्यावर रक्तदाब घसरतो आणि नजीकची आठवण पुसट होते. सीबीडीनं नशा येत नाही. त्याचा सर्वात पक्का पुरावा लहान मुलांच्या दोन दुर्मीळ अपस्मारांवर आहे. ‘एपिडायोलेक्स’ या शुद्ध सीबीडीच्या औषधाला अमेरिकेत जून 2018 मध्ये मान्यता मिळाली ती त्यासाठी. सीबीएन झोपेसाठी आणि सीबीजी सूज-वेदनेसाठी विकलं जातं, पण या दोघांमागे माणसांवरच्या चाचण्यांचं बळ फारच तुटपुंजं आहे. या आढाव्यात त्यांच्यावर अधिक जागा खर्च करण्यासारखं काही नाही.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यायला हवी. झाडात टीएचसी आणि सीबीडी जसेच्या तसे नसतात, त्यांची आम्लरूपं असतात. उष्णता मिळाली किंवा माल जुना झाला की ती बदलतात. म्हणून कच्चं पान वाटून केलेली थंड ठंडाई आणि तुपात परतलेल्या भांगेचा माजून यांचा परिणाम सारखा नसतो. शोधन करताना भांग दुधात शिजवतात, तुपात भाजतात. म्हणजे ज्याला परंपरा शुद्धी म्हणते त्याच क्रियेत रसायनही बदलतं. पोटातून घेतल्यावर यकृतात टीएचसीचं आणखी जोरकस रूप तयार होतं. असर दिसायला अर्धा ते दोन तास लागतात आणि तो सहा-आठ तास किंवा त्याहून जास्त टिकतो. ‘काहीच झालं नाही’ म्हणून तासाभरानं दुसरी गोळी घेणं ही होळीतली जुनी चूक आहे. विशीतला मुलगा त्यानंतर झोपून उठतो. पंच्याहत्तरीतल्या आजोबांची रात्र इस्पितळात जाऊ शकते.

वय झालेलं शरीर

वयाबरोबर स्नायू आणि पाणी कमी होतं, चरबीचा वाटा वाढतो आणि यकृताकडे जाणारा रक्तप्रवाह मंदावतो. ही द्रव्यं चरबीत विरघळतात, म्हणून ती मुरतात आणि सावकाश निघतात. आधीच रक्तदाबाची गोळी घेणारा माणूस टीएचसी घेऊन पहाटे लघवीला उठला, तर चक्कर येऊन पडण्याचा धोका खरा असतो. मांडीचं हाड मोडणं म्हणजे त्या वयात बऱ्याचदा घराबाहेरचं आयुष्य संपणं.

‘निरुपद्रवी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सीबीडीचा धोका दुसऱ्या बाजूनं येतो. यकृतातली जी एन्झाइम्स इतर औषधं मोडतात, त्यांतल्या काहींना सीबीडी अडवतं. रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्यांत आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप, वाढल्याच्या नोंदी आहेत. अपस्मारावरच्या क्लोबाझामची पातळी वाढते. मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतरच्या टॅक्रोलिमसचीही वाढते. क्लोपिडोग्रेल शरीरात गेल्यावर ज्या एन्झाइमनं कामाला लागतं त्यालाच सीबीडी अडवतं, म्हणून स्टेंट बसवलेल्यांबाबत डॉक्टर सावध राहतात. मोठ्या मात्रेत यकृताची एन्झाइम्स चढतात. त्यामुळे ‘टीएचसी वाईट, सीबीडी चांगलं’ ही विभागणी तरुणांपुरती कदाचित ठीक असेल. पाच-सहा गोळ्या रोज घेणाऱ्या माणसाला ती पुरत नाही.

कोण काय म्हणतं

पहिली बाजू अनुभवाची. इस्रायलमध्ये वैद्यकीय गांजा घेणाऱ्या, 65 वर्षांवरच्या 2,736 रुग्णांची पाहणी 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनंतर प्रश्नांना उत्तरं देणाऱ्यांपैकी 93.7 टक्के लोकांनी बरं वाटल्याचं सांगितलं, वेदनेचा आकडा दहापैकी आठवरून चारवर आला आणि 18.1 टक्के रुग्णांनी अफूजन्य वेदनाशामकं बंद किंवा कमी केली. दुष्परिणामांत चक्कर सर्वात पुढे होती, 9.7 टक्के. आकडे उमेद देणारे आहेत. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि ज्यांनी मध्येच सोडलं त्यांचा आवाज त्या टक्केवारीत येत नाही. बाजूनं बोलणारे याचं उत्तर देतात ते ऐकण्यासारखं आहे. वृद्धांना आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंड बिघडतं, अफूजन्य औषधांनी बद्धकोष्ठ आणि झोपाळूपणा येतो. म्हणून तुलना निर्धोक आयुष्याशी न करता या औषधांशी करा, असं त्यांचं म्हणणं.

दुसरी बाजू चाचण्यांची, आणि तिचा सूर बराच थंड आहे. हाताच्या संधिवातावर रोज 20 ते 30 मिलिग्रॅम सीबीडी बारा आठवडे दिलं, तेव्हा ते खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. व्हिएन्नात गुडघ्याच्या झिजेवर रोज 600 मिलिग्रॅम पॅरासिटामॉलच्या जोडीला देऊन पाहिलं. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल तोच, अधिक फायदा नाही. आपल्याकडे बहुतेकांना सीबीडी हवं असतं ते गुडघ्यासाठी, त्यामुळे हा निकाल ठळक सांगायला हवा. मात्रेचं गणितही पाहावं. अपस्मारात किलोमागे रोज 10 मिलिग्रॅम देतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला 600. परदेशी दुकानातल्या एका गमीत, म्हणजे सीबीडीच्या चघळायच्या गोळीत, असतात दहा ते पंचवीस.

टीएचसी असलेल्या औषधांचा वेदनेवरचा पुरावा थोडा बरा आहे, पण परिणाम लहान. जर्मनी-ऑस्ट्रियात 820 जणांवर झालेली कंबरदुखीची चाचणी 2025 मध्ये प्रसिद्ध झाली. प्रमाणित पूर्ण अर्क घेणाऱ्यांची वेदना खोट्या औषधापेक्षा दहाच्या पट्टीवर 0.6 ने जास्त उतरली. काहींच्या मते इतका फरक रुग्णाला जाणवणारही नाही. काहींच्या मते कंबरदुखीच्या बहुतेक औषधांचा फरक एवढाच असतो आणि त्यांच्यावर आपण असा आक्षेप घेत नाही. दोन्ही म्हणणी खरी असू शकतात.

शास्त्रीय संस्थांचं एकमत नाही ते यामुळेच. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनं 2017 मध्ये दीर्घकालीन वेदनेवर बऱ्यापैकी पुरावा असल्याचं म्हटलं. ब्रिटनच्या नाइस संस्थेनं 2019 मध्ये चाचणीबाहेर दीर्घ वेदनेसाठी सीबीडी देऊ नका असं सांगितलं. वेदनातज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं 2021 मध्ये पाठिंबा नाकारला. त्याच वर्षी ‘बीएमजे’तल्या एका तज्ज्ञगटानं नेहमीचे उपाय हरल्यावर धुराविना एकदा देऊन पाहायला हरकत नाही, अशी सौम्य शिफारस केली. केमोची मळमळ आणि मल्टिपल स्क्लेरोसिसमधला स्नायूंचा ताठरपणा यांवर मात्र भांडण कमी आहे. दुसऱ्यासाठी टीएचसी आणि सीबीडी जवळपास समप्रमाणात असलेला तोंडात मारायचा फवारा ब्रिटनमध्ये 2010 पासून मान्य आहे. काचबिंदूसाठी ‘गांजा चांगला’ हे इंदूरच्या कट्ट्यावरही ऐकू येतं. डोळ्यातला दाब टीएचसीनं तीन-चार तासांपुरताच उतरतो, म्हणून नेत्रतज्ज्ञ ते सुचवत नाहीत.

स्मृतिभ्रंशात चित्र सर्वात गुंतागुंतीचं आहे. नेदरलँड्समधल्या 2015 च्या चाचणीत 1.5 मिलिग्रॅम टीएचसी दिवसातून तीनदा देऊन रुग्णांची बेचैनी कमी झाली नाही. टोरांटोत 2019 मध्ये नॅबिलोन या कृत्रिम रेणूनं बेचैनी उतरली, पण गुंगीही वाढली. दुसरीकडे ऑन्टारिओतल्या 2025 च्या अभ्यासात, गांजामुळे इस्पितळात यावं लागलेल्या 45 वर्षांवरच्या लोकांत पुढे स्मृतिभ्रंशाचं निदान जास्त दिसलं. कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे तो अभ्यास सांगत नाही आणि त्याचे लेखकही तसा दावा करत नाहीत.

तिसरी बाजू वैद्यांची. एक रेणू वेगळा काढून तपासणं हीच मुळात चूक, पूर्ण द्रव्य, शोधन आणि अनुपान मिळून औषध होतं, असं ते म्हणतात. पाश्चात्त्य संशोधकांतही पूर्ण अर्क सुट्या रेणूपेक्षा बरा मानणारा गट आहे आणि जर्मन चाचणीतलं औषध पूर्ण अर्कच होतं. पण ते ‘प्रमाणित’ होतं, प्रत्येक थेंबात टीएचसी किती हे ठरलेलं होतं. वैद्यांचा युक्तिवाद मला नाकारावासा वाटत नाही. मात्र तो स्वीकारला तर प्रमाणीकरणाची जबाबदारी वाढते, हे त्यांच्यातले मोजकेच जण बोलून दाखवतात.

कायद्याची मापपट्टी

1985 चा अमली पदार्थविरोधी कायदा गांजाची व्याख्या फुला-फळांच्या शेंड्यांवर करतो. शेंडे सोबत नसतील तर पानं आणि बिया त्यातून वगळल्या आहेत. म्हणून भांग केंद्रीय कायद्याबाहेर राहते आणि तिचा कारभार राज्यांच्या अबकारी खात्याकडे जातो. 2022 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानंही एका जामीन अर्जावर भांग म्हणजे गांजा नव्हे असं म्हटलं. मध्य प्रदेशात परवान्यानं भांग विकता येते. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्यामुळे ती परवान्याशिवाय बाळगणंही गुन्हा ठरतो. उज्जैनला रीतसर विकत घेतलेली गोळी खिशात ठेवून सेंधव्यापुढे शिरपूरला पोचलेला माणूस काहीही नवं न करता गुन्हेगार होतो.

या व्याख्येत रेणूला जागाच नाही. नशा न आणणारं सीबीडी फुलातून काढलं तर ते गांजाच्या कलमात जाऊ शकतं, आणि नशा आणणारं टीएचसी असलेलं पान दुकानात चालतं. ‘विजया’ अर्काच्या बाटल्या विकणाऱ्या भारतीय कंपन्या याच फटीतून उभ्या राहिल्या. पानाचा अर्क, आयुष परवाना आणि वैद्यांची चिठ्ठी, अशी ती वाट आहे. औषध नियमांच्या ई-1 या विषारी द्रव्यांच्या परिशिष्टात भांग असल्यामुळे ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ ही सूचनाही बंधनकारक आहे. पण त्याच 1985 च्या कायद्यात गांजाच्या ‘अर्क किंवा टिंक्चर’चा स्वतंत्र उल्लेख आहे. पानाचा दाट अर्क त्यात बसतो की नाही, यावर वकिलांची मतं वेगवेगळी पडतात.

परदेशातून येताना मुलानं आणलेल्या गमीजचा प्रश्न त्यामानानं सोपा आहे. अमेरिकेत 2018 नंतर 0.3 टक्क्यापर्यंत टीएचसी असलेलं पीक ‘हेम्प’ ठरलं, पण ही रेघ भारतीय कायद्यात नाही. मुंबईच्या विमानतळावर ती दाखवून उपयोग नाही. सत्तरीतल्या आईच्या बॅगेत ती डबी ठेवू नये.

संयुक्त राष्ट्रांच्या आयोगानं 2 डिसेंबर 2020 रोजी 27 विरुद्ध 25 मतांनी गांजाला सर्वात कडक यादीतून काढलं आणि भारतानं बाजूनं मत दिलं. देशात मात्र बदल तुकड्यातुकड्यानं झाले. उत्तराखंडनं 2018 मध्ये औद्योगिक लागवडीला वाट दिली, अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 2021 मध्ये बिया आणि त्यांचं तेल अन्न म्हणून मान्य केलं. या तेलात सीबीडी जवळजवळ नसतं. किराणा दुकानातलं हेम्प-सीड ऑइल सांध्यांसाठी घेणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं. मध्य प्रदेशात नोव्हेंबर 2019 मध्ये मंत्री पी. सी. शर्मा यांनी औषधी व औद्योगिक लागवडीला परवानगी देण्याची घोषणा केली, विरोधकांनी ‘राज्याला नशेत ढकलता’ म्हणून गदारोळ केला, आणि मार्च 2020 मध्ये ते सरकारच गेलं.

लेबल आणि त्याच्या आतलं

परदेशात लेबल असतं म्हणून प्रश्न मिटतो असंही नाही. अमेरिकेत 2017 मध्ये ऑनलाइन विकली जाणारी 84 सीबीडी उत्पादनं तपासली, तेव्हा जेमतेम 31 टक्क्यांच्या लेबलवरचा आकडा बरोबर निघाला आणि 18 उत्पादनांत टीएचसी सापडलं. ब्रिटनच्या अन्नमानक संस्थेनं ऑक्टोबर 2023 मध्ये निरोगी प्रौढांसाठी रोजच्या सीबीडीची मर्यादा 70 वरून 10 मिलिग्रॅमवर आणली.

सांवेर रोडची गोष्ट इथे पुन्हा येते. बॅच नंबर, मुदत, घटकद्रव्याची मोजणी, नमुना राखून ठेवणं ही तिथल्या औषध कारखान्यांची रोजची कामं आहेत, आणि टीएचसी-सीबीडीचं प्रमाण काढणारी यंत्रणा काही दुर्मीळ नाही. अडचण कच्च्या मालात आहे. रानातून किंवा ठेक्यावरून आलेल्या पानाचं प्रमाण जागेनुसार आणि हंगामानुसार बदलतं. ठरावीक गुणोत्तराचं पीक कायदेशीरपणे लावलं तर ते बदलणं थांबेल, आणि जम्मूच्या सीएसआयआर प्रयोगशाळेनं त्या दिशेनं काम चालवलं आहे. तोवर पानटपरीवरची भांगेची ‘मुनक्का वटी’ आणि चिठ्ठीवर मिळणारा विजया-अर्क हे दोन्ही आयुर्वेदिक परवान्याखाली चालतात, आणि विकत घेणाऱ्याला त्यांतला फरक बाहेरून ओळखता येत नाही.

न सुटलेलं

चाचण्यांत सत्तरीपुढची, चार आजार आणि सहा औषधं असलेली माणसं फार कमी घेतली जातात, आणि खरं गिऱ्हाईक तेच आहे. अमेरिकेत 65 वर्षांवरच्यांत गांजा वापरणारे 2015 मध्ये 2.4 टक्के होते, 2018 मध्ये 4.2 टक्के झाले. भारतात 2019 च्या राष्ट्रीय पाहणीत 10 ते 75 वयाच्या लोकांपैकी सुमारे 2 टक्के, म्हणजे सव्वादोन कोटींच्या आसपास, वर्षभरात भांग घेतलेले निघाले.

सध्या उपलब्ध माहितीवर एवढं म्हणता येईल. गुडघ्यासाठी सीबीडीवर पैसे घालण्यात अर्थ दिसत नाही. केमोच्या मळमळीबाबत कर्करोगतज्ज्ञांशी बोलावं, तिथे आता इतरही चांगली औषधं आहेत. टीएचसी असलेलं काहीही घ्यायचंच ठरलं, तर परदेशी वृद्धरोगतज्ज्ञ अडीच मिलिग्रॅम किंवा त्याहून कमीनं, रात्री, घरात कोणी असताना सुरुवात करायला सांगतात. ठेक्यावरच्या गोळीतून अडीच मिलिग्रॅम कसं मोजायचं, याला उत्तर नाही.

एक उणीव मात्र संशोधनाची वाट न पाहता भरून काढता येईल. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम 2010 पासून आहे, त्याचं केंद्र गाझियाबादला. आयुष औषधांसाठी 2018 पासून वेगळी यंत्रणा आहे, तिचं केंद्र दिल्लीला. ठेक्यावरची भांग कागदोपत्री औषधच नाही, ती अबकारी खात्याचा महसूल आहे. वॉरफरिनवर असलेल्या आजोबांचा आयएनआर शिवरात्रीनंतर अचानक चढला आणि डॉक्टरांना कारण कळलं, तरी ते कोणाच्या फॉर्मवर लिहायचं हे अजून कोणी ठरवलेलं नाही.